जैनांचा चातुर्मास आणि क्षमापना



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत जैनांच्या व्रतांवर भाषण कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर विनयपिटकातच आहे. महावग्गात सांगितले आहे की, सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अन्य पंथांचे साधूसुद्धा या दिवसांत एका जागी राहतात, मग हेच का फिरतात, अशी तक्रार लोकांनी केली. तेव्हा भगवंतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. म्हणजे ही रीत श्रमणांची समाईक परंपरा आहे.

जैन मुनी व साध्वी ती आजही कसोशीने पाळतात. आपला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. त्यांचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. एरवी पायी विहार करणारे साधू या काळात गावातील उपाश्रयात किंवा स्थानकात राहून प्रवचने देतात. याच काळात पर्युषण येते. श्वेतांबर ते आठ दिवस पाळतात. दिगंबरांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवसांचे असते. कोणी एकभुक्त राहतो, कोणी केवळ उकळलेल्या पाण्यावर उपवास करतो, तेही सूर्यास्तापूर्वी.

मात्र उपवास हे त्याचे बाह्यांग झाले. श्वेतांबरांत शेवटच्या दिवशी, म्हणजे संवत्सरीला, प्रतिक्रमणात वर्षभराचे दोष आठवायचे आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून घरच्यांची, शेजाऱ्यांची, ज्याच्याशी बिनसले त्याचीही क्षमा मागायची. दिगंबरही पर्वानंतर क्षमावाणी पाळतात. आपल्याकडे वर्षावासाच्या शेवटी पवारणा आहे. तीत भिक्खू संघाला विनवतो की, माझा दोष पाहिला, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर सांगा. तेथे क्षमा मागायची, येथे दोष ऐकून घ्यायचा. दोन्हींत अहंकार खाली ठेवावा लागतो.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत. ती पाहून पुष्कळ सहली कैलासावरूनच परततात. विद्यार्थ्यांनी उत्तर टोकाच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांपर्यंत जावे. ३२ व्या लेण्यातील हत्तीवरच्या यक्षाला लोक इंद्र समजले, म्हणून त्याला इंद्रसभा म्हणतात. तेथे बाहुबली उभा आहे. तो इतका निश्चल की, अंगावर वेली चढल्या आहेत. भावाला युद्धात जिंकूनही राज्य सोडून देणाऱ्याची ही मूर्ती आहे.

सामाजिक संस्थांत पदावरून, हिशेबावरून मतभेद होतात आणि माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. संस्था फुटतात, नुकसान मात्र वसतिगृहातल्या मुलांचे होते. पवारणा भिक्खूंची आहे हे खरे. पण तिचा आशय गृहस्थालाही बंद नाही. यंदा आश्विन पौर्णिमेला प्रत्येकाने निदान एका दुरावलेल्या माणसाच्या घरी जावे आणि "आमचे काय चुकले ते सांगा" असे विचारावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.