शौर्याचा मोबदला आणि वीरपत्नीचा हक्क

(माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत दिलेले भाषण)



शौर्याविषयी बोलण्यास मला येथे बोलाविण्यात आले आहे. परंतु रणांगणावरील पराक्रमाचे वर्णन करण्याचा माझा अधिकार नाही. मी सैन्यात होतो तो कारकून म्हणून. बंदुकीपेक्षा लेखणीच माझ्या हाती अधिक राहिली. निवृत्तीनंतरही माजी सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी करीत आलो आहे. म्हणून आज मी शौर्याच्या त्या बाजूविषयी बोलणार आहे की जी पदक छातीवर लागल्यानंतर, किंवा पदक विधवेच्या ओंजळीत पडल्यानंतर सुरू होते. पदकाबरोबर पैसा येतो. तो पैसा कोणास मिळतो, किती मिळतो, आणि कोणत्या अटीवर मिळतो, हा प्रश्न हक्काचा आहे, आणि तो आपण हक्काच्या नजरेनेच पाहिला पाहिजे.

काही महिन्यांपूर्वी एक वृद्ध हवालदार माझ्याकडे आले. त्यांचा थोरला मुलगा सैन्यात होता. तो कामी आला आणि त्यास मरणोत्तर सेना पदक मिळाले. सून चोवीस वर्षांची, पदरी एक मुलगी. हवालदार म्हणाले, "साहेब, सूनबाईचं दुसरं लग्न मी स्वतः लावून द्यायचं ठरवलंय. स्थळ चांगलं आहे. पण गावात म्हणतात, धाकट्याशी लावलं तर मेडलचे पैसे राहतील. बाहेर दिली तर बंद होतील. धाकटा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकतोय. तो तिला वहिनी म्हणतो, साहेब. काय करू?"

हा प्रश्न एका घरचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी जावयाचे तर बरेच मागे जावे लागते.

शौर्याबद्दल शिपायास जादा पैसा देण्याची पद्धत या देशात ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली नियमबद्ध केली. 'ऑर्डर ऑफ मेरिट' या नावाचे पदक तिने काढले. पुढे त्यालाच 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' हे नाव पडले. त्याचे तीन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे पदक मिळाल्यास हुद्द्याच्या पगाराचा एक तृतीयांश हिस्सा जादा, दुसऱ्या वर्गास दोन तृतीयांश, आणि पहिल्या वर्गास पूर्ण पगाराइतकी रक्कम जादा मिळे. ही जादा रक्कम चाकरीत पगारावर आणि निवृत्तीनंतर पेन्शनवर चालू राही. शिपाई मेल्यावर त्याच्या विधवेस ती तीन वर्षे मिळे. तीन वर्षांनंतर त्या बाईने काय करावे, याचा विचार कंपनीने केलेला दिसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही रक्कम पगाराच्या प्रमाणात होती. ज्याचा पगार लहान, त्याच्या शौर्याचे मोलही लहान! दोघांनी एकाच तटावर शिडी लावली, दोघांनीही जीव धोक्यात घातला, तरी सुभेदाराचे धैर्य महाग आणि शिपायाचे स्वस्त. अमेरिकेतही या प्रमाणाच्या तत्त्वावर एक नियम आहे. तेथे अधिकारी नसलेला सैनिक वीस वर्षांहून अधिक व तीस वर्षांहून कमी नोकरी करून निवृत्त झाला आणि त्याने असामान्य शौर्य गाजविले असल्याचे मान्य झाले, तर त्याच्या निवृत्तिवेतनात शेकडा १० ची वाढ होते. मात्र एकूण वेतन पगाराच्या शेकडा ७५ च्या पलीकडे जाऊ दिले जात नाही.

स्वतंत्र भारताने यापेक्षा निराळा मार्ग धरला, आणि माझ्या मते तो अधिक न्याय्य आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. १९५२ साली अशोकचक्राचे तीन वर्ग निघाले. १९६७ साली त्यांनाच अशोकचक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र अशी नावे मिळाली. या प्रत्येक पदकाबरोबर जो मासिक भत्ता मिळतो तो ठराविक आहे. शिपाई असो वा जनरल, रक्कम एकच. १ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेले दर असे: परमवीर चक्रास दरमहा २०,००० रुपये, अशोकचक्रास १२,०००, महावीर चक्रास १०,०००, कीर्ती चक्रास ९,०००, वीर चक्रास ७,०००, शौर्य चक्रास ६,००० आणि शौर्याबद्दलच्या सेना पदकास २,०००. त्यापूर्वी या सर्व रकमा बरोबर निम्म्या होत्या. सेना पदक विशिष्ट सेवेबद्दलही दिले जाते, परंतु भत्ता मिळतो तो शौर्याबद्दल मिळालेल्या पदकासच. कागदपत्रे दाखविताना हा भेद पाहून घ्यावा. या एका शब्दावरून अनेकांची निराशा झालेली मी पाहिली आहे.

हा भत्ता म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. निवृत्तिवेतन वर्षानुवर्षांच्या चाकरीबद्दल मिळते. भत्ता एका कृत्याबद्दल मिळतो. तो चाकरीत असतानाही मिळतो, निवृत्तीनंतर पेन्शनच्या जोडीने मिळतो, आणि सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेस मिळतो. अविवाहित सैनिकास पदक मरणोत्तर मिळाले तर भत्ता वडिलांस किंवा आईस जातो. पत्नी आधीच वारलेली असल्यास अठरा वर्षांखालील मुलास किंवा अविवाहित मुलीस जातो.

इथपर्यंत सारे ठीक. पण पदक मिळण्याआधी सैन्यात जावे लागते, आणि आपल्या समाजाला ठाऊक आहे की तो दरवाजा आपणांस नेहमीच उघडा नव्हता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे कंपनीच्या बाजूने जे लढले व पडले, त्यांच्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाने संपणारी २२ महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. ज्या समाजाची नावे दगडावर कोरली, त्याच समाजाची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली; का, तर तो म्हणे लढाऊ जातीचा नव्हे! सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध लेखणी उचलली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला. आणि १९११ साली काय झाले पाहा. तोवर हिंदी शिपायास न मिळणारा व्हिक्टोरिया क्रॉस त्या वर्षी हिंदी शिपायांसाठी खुला झाला. दरवाजा उघडला खरा, पण महार तरुण तेव्हा छावणीच्या बाहेर उभा होता. १९१७ साली महायुद्धाच्या गरजेने १११ वी महार पलटण उभी राहिली; गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर घेतले गेले होते. पुढे याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी दाखविलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एकूण २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. म्हणजे सर्वोच्च पदकाचा भत्ता बहुतेक वेळा मूळ मानकऱ्याच्या हाती पडलेलाच नाही. तो घरी गेला; पत्नीकडे, आईकडे, बापाकडे.

म्हणून शौर्याच्या भत्त्याचा प्रश्न हा फार मोठ्या प्रमाणावर स्त्रीच्या हक्काचा प्रश्न आहे. आणि येथेच आपण हवालदारांच्या प्रश्नाकडे परत येतो.

कित्येक दशके नियम असा होता: विधवेस भत्ता तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळेल. पुनर्विवाह केला की बंद. अपवाद एकच. तिने मृत पतीच्या भावाशी विवाह केला आणि कुटुंब-निवृत्तिवेतनास पात्र असलेल्या वारसासह एकत्र राहिली, तर भत्ता चालू राहील. म्हणजे दिराशी लग्न केले तर ती वीराची पत्नी, आणि दुसऱ्या कोणाशी केले तर कोणीच नाही! पंजाब-हरियाणाच्या भागात, जेथून सैन्यभरती मोठ्या प्रमाणावर होत असे, विधवेने दिराच्या घरी नांदण्याची 'करेवा' नावाची रूढी आहे. या रूढीने घरची जमीन घरात राहते. सरकारी नियमानेही तेच साधले: घरचा भत्ता घरात राहिला. त्या स्त्रीची इच्छा काय, हे कोणी विचारले नाही.

या विचाराची मुळे जुनी आहेत. ज्या १८५६ साली व्हिक्टोरिया क्रॉस स्थापन झाला, त्याच १८५६ साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. सुधारकांनी त्याचा गौरव केला, आणि तो योग्यही होता. परंतु त्याच कायद्यात एक कलम होते: विधवेने पुनर्विवाह केल्यास पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क, जणू ती त्या क्षणी मेली असे समजून, नष्ट होईल. ज्या जातींत विधवाविवाहास बंदी होती त्यांना या कायद्याने एक हात दिला व एक हात काढून घेतला. आणि ज्या आपल्यासारख्या समाजांत पाट पूर्वापार लागत आला होता, त्यांचे काय? त्यांना तर पुनर्विवाहासाठी या कायद्याची गरजच नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने हक्क गमावण्याचे कलम त्यांनाही लागू धरले. अलाहाबादच्या न्यायालयाने मात्र तसे धरले नाही. एका देशात, एका कायद्याखाली, एक विधवा जिवंत आणि दुसरी मेलेली!

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जो झगडा केला, आणि ते रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे महत्त्व हे असे घरात शिरल्यावर कळते. त्या बिलाचे तुकडे होऊन जे कायदे झाले त्यांपैकी १९५६ च्या वारसा कायद्याने पतीच्या मालमत्तेत विधवेला जो वाटा मिळाला तो तिच्या संपूर्ण मालकीचा झाला. पुढे पुनर्विवाह केला म्हणून तो परत घेता येत नाही. १८५६ चा कायदाही १९८३ साली रद्द झाला. परंतु पतीच्या मालमत्तेच्या बाबतीत जी गोष्ट १९५६ साली मान्य झाली, ती शौर्याच्या भत्त्याच्या बाबतीत मान्य होण्यास आणखी ६१ वर्षे लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने दिराशीच विवाह करण्याची ती अट काढून टाकली. आता विधवेस भत्ता तिच्या मृत्यूपर्यंत मिळतो. तिने विवाह करावा वा करू नये, कोणाशी करावा, हे तिचे ती ठरवील.

हे सांगताना मला आनंद होतो, पण थोडी लाजही वाटते. आदेश निघून इतकी वर्षे लोटली आणि एका निवृत्त हवालदाराच्या गावात अजून जुनाच नियम चालू आहे. सरकारी कागद बदलतो तेव्हा गावच्या पारावरचे बोलणे बदलत नाही. आणि कधी कधी ते बदलू नये यात कोणाचा तरी फायदाही असतो. दोन हजार रुपये घराबाहेर जाऊ नयेत म्हणून सुनेला अज्ञानात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. आमचे हे हवालदार तसे नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, शौर्याचा भत्ता आणि कुटुंब-निवृत्तिवेतन या दोन निराळ्या रकमा आहेत. अट निघाली ती भत्त्याची. पुनर्विवाहानंतर कुटुंब-निवृत्तिवेतनाचे काय होते, याचे नियम मृत्यू कशामुळे झाला व मुले आहेत की नाहीत यावर अवलंबून असतात. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवून विचारून घ्यावेत. ऐकीव माहितीवर लग्न ठरवू नये आणि मोडूही नये.

दुसरी गोष्ट विशेषतः आपल्या बौद्ध कुटुंबांसाठी. नियमात विधवा ही कायदेशीर विधीने विवाहित असली पाहिजे असे म्हटले आहे. आपले विवाह बौद्ध पद्धतीने लागतात, आणि हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विवाह लागताच त्याची नोंदणी करून दाखला घ्या, आणि पलटणीच्या कागदपत्रांत पत्नीचे नाव चढवून घ्या. नवरा सीमेवर असताना ही नोंद राहून जाते. तो परत आला नाही, की मग त्या बाईला आपण त्याची पत्नी होतो हे सिद्ध करीत कार्यालयांतून फिरावे लागते. पतीच्या दुःखात असलेल्या स्त्रीकडून पुरावा मागणे हा क्रूरपणा आहे, पण तो पुरावा आपण आधीच तयार ठेवू शकतो.

त्या दिवशी हवालदारांना मी हे सर्व समजावून सांगितले. त्यांनी दोनदा विचारले, "नक्की ना, साहेब?" दुसऱ्या दिवशी ते सुनेला घेऊन आले. पदराआड मुलगी झोपलेली होती. मी कार्यालयास चौकशीचा अर्ज लिहावयास बसलो आणि सवयीने म्हणालो, "हवालदारसाहेब, आपले नाव सांगा."

ते म्हणाले, "माझं कशाला? भत्ता तिचा आहे. तिचंच घाला."

मी कागद बदलला. ताईंनी नाव सांगितले, अर्ज वाचून पाहिला, एक चूक दाखविली, आणि सही केली.