चिठ्ठी दप्तरात राहू नये

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीच्या साचेखात्यातले कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकी वाचून शिकलो. डॉक्टरकी सांगायला उभे नाही; एका चिठ्ठीची गोष्ट सांगायची आहे.

आमची मुलगी दुसरीत असताना शाळेत तपासणीला डॉक्टर आले. कान वाहतो, मोठ्या दवाखान्यात न्या, अशी चिठ्ठी त्यांनी दिली. आम्ही ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार गेला. घरीच कानात कोमट तेल सोडत राहिलो. पोरीला वर्गात ऐकू येईना, तर तिला ‘ढ’ ठरवलं. बाईंनी नव्हे, आम्हीच. दोन वर्षांनी कळलं, कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. तपासणी झाली होती, उपचार झाला नव्हता. दोष आमचा.

बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखवला. पण ज्याला ऐकूच येत नाही, फळाच दिसत नाही, ते पोर शिकणार कसं?

ही तपासणी काही नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. तरी १९४६ साली भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा नसल्यातच जमा दिसली. २०१३ साली पालघरातून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी ठरली. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब, हे पथकाने पाहायचं. पुढचे उपचार, अगदी शस्त्रक्रियासुद्धा, मोफत.

मग अडतं कुठं? चिठ्ठी आणि दवाखाना यांच्यामधल्या वाटेवर! बाप पाळीवर, आई धुण्याभांड्याला. पोराला नेणार कोण?

म्हणून आमची सूचना अशी. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक वही ठेवावी. ज्याच्या पोराला चिठ्ठी मिळाली, त्याने नाव लिहावं. ज्या तरुणांना आठवड्यात मोकळा दिवस असेल, त्यांनी आईबापांना विचारून त्या पोराला दवाखान्यात न्यावं, आणि काय झालं ते वहीत लिहावं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावावा. वीस फुटांवरून, एकेक डोळा झाकून पोरांना वाचायला लावावं. वाचता आलं नाही तर छडी नको, डोळ्यांचा डॉक्टर दाखवा.

बंधूंनो, पोराला ‘ढ’ म्हणण्याआधी त्याचे डोळे, कान आणि ताटातलं अन्न तपासा. आमच्या नातवाला दातांची चिठ्ठी मिळाली आहे. वहीत पहिलं नाव त्याचं लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!