गरज असेल तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अम्मीचे गुडघे दुखत होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहून दिल्या. एकीपुढे होते बी.डी., दुसरीपुढे एस.ओ.एस. जळकोटच्या आमच्या घरात बी.ए. झालेला मी, त्यामुळे चिठ्ठी वाचण्याचा मान माझा. कोणाला न विचारता दोन्ही गोळ्या मी तिला सकाळ-संध्याकाळ देत राहिलो. पंधरा दिवसांत तिच्या पोटात आग पडू लागली. पुन्हा दाखवायला नेले तेव्हा कळले, दुसरी गोळी फक्त दुखले तरच घ्यायची होती.

अम्मी बरी झाली. माझी शरम मात्र गेली नाही. ही अक्षरे आली कुठून, म्हणून शोधू लागलो, तर ती लॅटिन निघाली. ‘सी ओपुस सित’. सी म्हणजे जर, ओपुस म्हणजे गरज, सित म्हणजे असेल. जर गरज असेल. शब्दाखाली शब्द मांडला आणि चकित झालो. क्रम तोच! क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. बी.डी. म्हणजे ‘बिस इन दिए’, दोनदा दिवसात. आपला ‘त’ दिवसाच्या पाठीला चिकटतो, त्यांचा ‘इन’ पुढे चालतो, एवढाच फरक.

सोलापूरला जुन्या पुस्तकांत लॅटिनचे एक बालबोध पुस्तक मिळाले. रोज रात्री दहा शब्द वहीत लिहू लागलो. सेप्तेम सात, ऑक्तो आठ, नोवेम नऊ, देकेम दहा. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर सातवा होता. मातेर, देन्स, इग्निस हे शब्द पाठ करावेच लागले नाहीत. माता, दंत, अग्नी आपल्या ओळखीचेच.

मग वाक्ये आली. ‘पुएल्ला आग्रिकोलाम विदेत’, म्हणजे मुलगी शेतकऱ्याला पाहते. ‘आग्रिकोलाम पुएल्ला विदेत’ म्हटले तरी पाहते ती मुलगीच. शेतकऱ्याच्या शेवटी ‘म’ आहे ना! आपला ‘ला’ हेच काम करतो. शब्द हलवले की अर्थ तोच राहतो, भर बदलतो. आयुष्यभर कविता लिहिताना मी हे कानाने करत आलो. त्याचे कारण मला या परक्या पुस्तकाने दाखवले. शब्द कुठेही बसवा, पण प्रत्यय किंवा ‘जर’ गाळू नका. मी एक ‘जर’ गाळला, तो अम्मीच्या पोटाला भोवला.

लॅटिन जाणणारे इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. ते लॅटिनकडून मराठीकडे आले, मी उलट्या वाटेने चार पावले गेलो.

आमच्या अंगणात कडुलिंब आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘आझादिराक्ता इंडिका’. त्यातला पहिला शब्द फारसी ‘आझाद दरख्त’वरून आलेला. चिंचेचे नाव ‘तामारिंदुस’, ते अरबी ‘तम्र हिंदी’वरून, म्हणजे हिंदी खजूर. माझ्या घरातले शब्द लॅटिनमध्ये आधीच जाऊन बसले होते.

हे सारे मी लिंबाखाली खाटेवर बसलेल्या अम्मीला उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “वो सब ठीक है, बेटा. गोली कब खाना, वो बोल.”