घरांतील ध्वनिमुद्रण

घरांतील वडीलधाऱ्यांचें गाणें जतन करणें आतां सहज साधण्याजोगें आहे. मायक्रोफोन, त्यांतील ध्वनि अंकांत उतरविणारा इंटरफेस, संगणक व हेडफोन, एवढी सामग्री पुरते. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनास इंटरफेसवरील ४८ व्होल्टचें बटण दाबल्यावांचून वाचा फुटत नाहीं.

पुष्कळदां तंबोऱ्यामागें एक मंद गुणगुण ऐकूं येते. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची. एकमेकांस जोडलेलीं उपकरणें निरनिराळ्या प्लगांवर लावलीं, कीं अर्थिंगच्या तारांचें वेटोळें होऊन ती वीज गाण्यांत शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढतांच गुणगुण थांबली, तर कारण सांपडलें. सर्व उपकरणें एकाच बोर्डावर लावावीं. अर्थिंगची पिन मात्र कधींहि काढूं नये. तें जिवावर बेतेल.

गायकास स्वतःचा आवाज उशिरां ऐकूं आल्यास बफर, म्हणजे संगणक एका वेळीं हाताळतो तेवढे ध्वनीचे नमुने, कमी करावा. सेकंदास ४८,००० नमुने असतां १,०२४ चा बफर सुमारें २१ मिलिसेकंद खातो, २५६ चा अवघे पांच. अतिशय लहान केल्यास आवाज तुटतो.

ही सारी तपासणी गायक बसण्यापूर्वींच उरकावी. थकलेल्या गळ्यास तेंच पद पुन्हां म्हणावयास लावणें बरें नव्हे.