पुरंदरचा तह : तेवीस किल्ले, बारा किल्ले
(काळेवाडी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पिंपरी स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, लोहगड-विसापूर करून संध्याकाळी घरी यायचं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलं असेल. हे दोन किल्ले आणि पलीकडचे तुंग-तिकोना जून १६६५ मध्ये एका तहाने मुघलांकडे गेले. पुरंदरच्या तहाने. आज त्याच्या अटींबद्दल बोलू. कारण कॉलेजात, कंपनीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या काळाचा विषय निघाला की ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ अशी वाटणी सुरू होते, आणि आपला पोरगा एकतर गप्प बसतो, नाहीतर भांडतो. त्यापेक्षा अटी माहीत असलेल्या बऱ्या.

आधी माणसं बघा. औरंगजेबाने मोहिमेवर पाठवला मिर्झाराजा जयसिंह, आमेरचा रजपूत. सोबत दिलेरखान. विजयासाठी जयसिंहाने ब्राह्मणांकडून चंडीचं अनुष्ठान करवलं, असं सभासदाची बखर सांगते. पुरंदरला वेढा पडला, वज्रगड गेला, मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. शिवाजी महाराजांच्या वतीने रघुनाथपंतांनी बोलणी केली आणि ११ जूनला महाराज स्वतः जयसिंहाच्या तंबूत गेले.

आता अटी. तेवीस किल्ले आणि त्यांच्याखालचा चार लाख होनांचा मुलूख मुघलांना. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. राजगड, तोरणा, रायगड या बारांत आहेत. आठ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब. महाराजांनी मात्र स्वतःसाठी दरबारची चाकरी टाळून घेतली. हरलेल्या बाजूने हे मिळवणं सोपं नव्हतं. मला तरी सगळ्या तहात हेच कलम सर्वांत हुशारीचं वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. विजापूरकरांच्या ताब्यातला कोकणातला चार लाखांचा आणि बालाघाटातला पाच लाखांचा मुलूख महाराजांना मिळावा, त्याबदल्यात त्यांनी बादशहाला चाळीस लाख होन हप्त्यांनी द्यावेत, आणि विजापूरवरच्या मोहिमेत मुघलांना साथ द्यावी, असं ठरलं. म्हणजे बोलणाऱ्या दोघांनी तिसऱ्याची जमीन वाटून घेतली. तो तिसरा कोण? अली आदिलशाह दुसरा, मुसलमान सुलतान. त्याच वर्षाच्या शेवटी मोहीम निघाली तेव्हा एका बाजूला मुघल, रजपूत आणि शिवाजी महाराज. समोर विजापूरची फौज, आणि तिच्यात महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. आता करा ‘तुमचे-आमचे’!

किल्ले, महसूल, मनसब, हप्ते : तहाच्या मुख्य अटी एवढ्याच. राज्यकर्ते हिशेबाला बसले की जगभर असंच होतं. इ.स. ६८८ च्या सुमारास उमय्या खलिफा अब्दुल मलिक आणि बायझंटाईन सम्राट जस्टिनियन दुसरा यांनी सायप्रस बेटाचा कर निम्मा-निम्मा वाटून घ्यायचं ठरवलं. एक मुसलमानांचा खलिफा, दुसरा ख्रिस्ती सम्राट, आणि बेटावरच्या शेतकऱ्याचा कर दोन्हीकडे. ९६५ मध्ये बायझंटाईनांनी बेट पूर्ण ताब्यात घेतलं, तोवर ही सामायिक व्यवस्था या ना त्या रूपात टिकली.

याचा अर्थ धर्माचा राजकारणाशी संबंधच नव्हता, असं मी म्हणत नाही. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लावला. ते झाकायचं नाही, आणि त्याचा जबाब काळेवाडीतल्या पोराने द्यायचाही नाही. ज्या वर्षाबद्दल बोलतोय त्या वर्षाचा कागद बघायचा, इतकंच.

पुरंदरचा तह काही फार टिकला नाही. १६६६ मध्ये आग्रा घडलं. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा परत आला, पाठोपाठ पुरंदर.

हे सगळं आपल्याला कळतं त्यात मोठा वाटा जयसिंहाच्या पत्रांचा आहे. ती त्याचा मुन्शी उदयराज याने लिहिली. ‘हफ्त अंजुमन’ नावाने त्यांचा संग्रह आहे. रजपूत सरदाराची पत्रं, हिंदू मुन्शीची लेखणी, भाषा फारसी. तुमच्यापैकी कुणी उर्दू वाचत असेल तर लिपी अर्धी ओळखीचीच आहे. फारसी शिकायला बसा, पुढचं काम तिथे पडलेलं आहे.