आतून टाकलेला गेटर

मंडळी, हळद शिजवून, वाळवून झाली आणि लगेच तुम्ही पोटातल्या एका नसेबद्दल ऐकायला जमलात. म्हणून सुरुवात बैलगाडीच्या टायरपासून करतो. टायर एका जागी झिजला की तिथं फुगा येतो. पंक्चरवाला बाहेरून ठिगळ लावत बसत नाही. आतून गेटर टाकतो, आणि गाडी पुन्हा ओझं ओढते.

हृदयातून निघून मणक्यापुढून खाली उतरणारी महाधमनी पोटात साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. भिंत कमजोर झाली की ती फुगते. ३ सेंटिमीटर झाली की आम्ही त्याला धमनीविस्फार म्हणतो. बहुतेकांना काहीच दुखत नाही. फुटली की मात्र पाठीत, कुशीत अशी कळ येते की घरचे मुतखडा समजतात, आणि कितीतरी माणसं दवाखान्याची पायरी गाठण्याआधीच जातात.

आइन्स्टाइनला हाच आजार होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडून फुगलेल्या नसेला बाहेरून सेलोफेन गुंडाळलं. त्या काळी हाती तेवढंच होतं. त्यावर ६ वर्षांहून जास्त निघाली. एप्रिल १९५५ मध्ये नस फुटली, तेव्हा त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हटलं.

आतून गेटर टाकायचा विचार अर्जेंटिनाच्या डॉ. हुआन परोदींच्या मनात १९७६ पासून घोळत होता. सप्टेंबर १९९० मध्ये ब्युनॉस आयर्सला त्यांनी जांघेतल्या नसेतून घडी केलेली कापडी नळी वर नेली आणि धातूच्या जाळीनं ती आतून घट्ट बसवली. रक्त नळीतून वाहू लागलं, फुग्यावरचा दाब उतरला. आजची नळी खाली पायजम्यासारखी दुभंगलेली असते, दोन्ही पायांकडं जाणाऱ्या नसांसाठी. मूत्रपिंडांच्या नसांखाली निरोगी भिंतीचा पुरेसा तुकडा लागतो, नाहीतर साधी नळी धरतच नाही. म्हणून आधी सीटी स्कॅनवर बारकाईनं मापं घ्यावी लागतात.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी ४.७ टक्के दगावले, आतून नळी बसवलेल्यांपैकी १.७ टक्के. पण पुढच्या वर्षांत हा फायदा टिकला नाही. नळी सरकते, कडेनं रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. त्यासाठी जन्मभर तपासणी लागते, आणि माझा जीव तिथंच अडकतो. जांघेतली जखम भरली, माणूस शेतात जायला लागला, की तो पुन्हा येतच नाही. बरं वाटतंय, मग कशाला भाडं खर्चायचं, असं म्हणतो. त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही, पण घरच्यांनी त्याला धरून आणावं.

असा फुगा आहे का ते बघायला इंग्लंडमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. आपल्याकडं तशी हाक कुणी मारत नाही, म्हणून मी मारतो. साठी-पासष्टी उलटलेले, वर्षानुवर्षं बिडी ओढलेले, किंवा बापाला-भावाला हा आजार झालेले असाल, तर पोटाची सोनोग्राफी करताना सांगा, ‘महाधमनी पण मोजा.’ पुरुषांत साधारण ५.५ सेंटिमीटरपर्यंत बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. बिडी सोडायची, रक्तदाब सांभाळायचा आणि ठरल्या वेळी पुन्हा मोजायचं. तो आकडा तारखेसह घरच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टर तोच आधी विचारतील.