तांबडे ठळक की हिरवे?
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



चष्म्यासाठी मुलाचे डोळे तपासताना शेवटी समोरची पाटी अर्धी तांबडी व अर्धी हिरवी उजळते आणि प्रश्न येतो, "कोणत्या बाजूची अक्षरे जास्त ठळक?" मुलगा गोंधळतो. मागून वडील हळूच सांगतात, "हिरवी म्हण!" या उत्तरावर पोराचा नंबर ठरावयाचा असतो, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

काचेच्या लोलकातून जाताना निळा प्रकाश जास्त वाकतो, तांबडा कमी. डोळ्यातही तसेच घडते. चांगल्या डोळ्यात पिवळा-हिरवा प्रकाश बरोबर पडद्यावर एकवटतो, निळा पडद्याच्या अलीकडे, तर तांबडा किंचित पलीकडे. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत हा फरक सुमारे दोन नंबरांचा भरतो. एवढी खोट असलेली दुर्बीण आपण दुकानदाराला परत केली असती! आपल्याला ती जाणवत नाही, कारण पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला डोळा सर्वांत तीव्रतेने दाद देतो. शिवाय पडद्याच्या मध्यभागी पिवळसर द्रव्य असते, ते बराचसा निळा प्रकाश शोषून घेते. आणि अगदी मधोमध निळा ओळखणाऱ्या पेशीच नसतात.

तरी ही खोट कधी कधी उघडी पडते. कळंबच्या बाजारात रात्री दुकानावरची निळ्या दिव्यांची पाटी लांबून पाहा. तांबडी अक्षरे वाचता येतात, निळी विस्कटलेली दिसतात. जवळ गेल्यावर ती सुधारतात.

इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभी बसऱ्याच्या इब्न अल-हैथम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात, डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे सप्रमाण मांडले. प्रतिमा पडद्यावर उमटते हे केप्लरने 1604 साली दाखविले, आणि प्रत्येक रंग वेगळा वाकतो हे न्यूटनने 1672 साली प्रसिद्ध केले. तपासणीची ती दुरंगी पाटी या तिघांच्याही ऋणात आहे.

आता मूळ प्रश्न. लांबचे न दिसणाऱ्या मुलाच्या डोळ्यात सर्वच रंग पडद्याच्या अलीकडे एकवटतात. त्यांत तांबडा पडद्याला सर्वांत जवळ, म्हणून तांबड्यावरची अक्षरे ठळक दिसतात. वजा नंबर अजून वाढवावा लागेल. हिरवी ठळक दिसली तर नंबर जास्त झाला. दोन्ही सारखी दिसली की नंबर जमला. म्हणजे वडिलांनी पढविलेल्या 'हिरवी'मुळे मुलाला कमी नंबराचा चष्मा मिळेल आणि फळा पुसटच राहील. येथे बरोबर-चूक उत्तर नसते, दिसते ते सांगावयाचे असते. तांबडा-हिरवा न ओळखणाऱ्या मुलालाही ही तपासणी चालते. त्याने डावी की उजवी बाजू, एवढेच सांगावे.

काही पालक, विशेषतः मुलींच्या बाबतीत, चष्मा लागू नये म्हणून तपासणीच टाळतात. न तपासल्याने नंबर जात नाही. मुलगी तेवढी पहिल्या बाकावरूनही चुकीचे उतरवून घेते.

एक सूचना राहिली. लहान मुले डोळ्यांवर ताण देऊन नंबर लपवू शकतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून तपासतात. त्यानंतर एक दिवस, औषधानुसार त्याहूनही अधिक, जवळचे वाचता येत नाही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला तपासणीला नेऊ नये.